नॅनोसायन्स म्हणजे काय? कोल्हापुरात ते कसं शिकवतात, संशोधन कशावर चालतं आणि पुढे काय करता येतं

तुमच्या फोनमध्ये जे सिम कार्ड आहे त्याला नॅनो सिम म्हणतात. त्याची लांबी १२.३ मिलिमीटर. नॅनोमीटरमध्ये मोजली तर १ कोटी २३ लाख नॅनोमीटर! म्हणजे नाव नॅनो असलं तरी त्यात नॅनो असं काहीच नाही. मात्र त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये, मेमरीत आणि टचस्क्रीनवरच्या पारदर्शक थरात खरं नॅनो तंत्रज्ञान बसलेलं आहे.

बारावी सायन्सनंतर "नॅनोसायन्स घेऊ का?" असा प्रश्न पडणारी मुलं कोल्हापूर, सांगली, सातारा भागात बरीच आहेत, कारण हा विषय शिकवणारा विभाग थेट शिवाजी विद्यापीठातच आहे. पण मुलांना पुण्या-मुंबईतल्या कोर्सची जितकी माहिती असते तितकी घराजवळच्या या विभागाची नसते. या लेखात आपण नॅनो म्हणजे नेमकं काय, कोल्हापुरातलं संशोधन कोणत्या पद्धतीचं आहे, शिक्षणाचे मार्ग कोणते आणि नोकरीचं खरं चित्र काय, हे क्रमाने पाहू.

नॅनोमीटर म्हणजे नेमकं किती?

एका मीटरचे १०० कोटी समान भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर बसतात. अंदाज यावा म्हणून काही मापं पाहा:

- माणसाचा केस: साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड.
- रक्तातली लाल पेशी: साधारण ७ ते ८ हजार नॅनोमीटर.
- कोरोनाचा विषाणू: साधारण १०० नॅनोमीटर.
- डीएनएच्या दुहेरी साखळीची रुंदी: सुमारे २ नॅनोमीटर.
- बोटाचं नख: दर सेकंदाला साधारण १ नॅनोमीटर वाढतं. हे वाक्य वाचेपर्यंत तुमची नखं चार-पाच नॅनोमीटर वाढली.

सर्वसाधारणपणे ज्या वस्तूची लांबी, रुंदी किंवा जाडी यांपैकी किमान एक माप १ ते १०० नॅनोमीटरमध्ये आहे, तिला नॅनोपदार्थ म्हणतात. म्हणजे कण लहान हवा असंच काही नाही. हातभर लांबीच्या काचेवर ५० नॅनोमीटर जाडीचा थर दिला, तर तो थरही नॅनोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण कोल्हापूरची गोष्ट अशा थरांपासूनच सुरू होते.

आणि फोनच्या जाहिरातीतलं "३ नॅनोमीटर चिप" काय असतं? पूर्वी हा आकडा ट्रान्झिस्टरच्या एका भागाच्या खऱ्या मापाशी जुळायचा. आता ते चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचं नाव उरलं आहे. ३ नॅनोमीटर म्हणवणाऱ्या चिपमध्ये एका ट्रान्झिस्टरच्या गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर प्रत्यक्षात साधारण ४५ ते ५० नॅनोमीटर असतं. तेही अतिशय लहानच आहे, पण ३ नाही.

लहान झाल्यावर पदार्थात काय बदलतं?

लहान म्हणजे फक्त कमी जागा घेणारं, असं असतं तर नॅनोसायन्स नावाचा वेगळा विषय झाला नसता. खरी गंमत अशी की तोच पदार्थ नॅनो आकारात वेगळा वागायला लागतो. याची दोन मुख्य कारणं.

पहिलं कारण, पृष्ठभाग. १ सेंटिमीटर बाजूचा एक घन ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता तो कापून १ मिलिमीटरचे हजार ठोकळे केले, तर पदार्थ तेवढाच राहतो पण एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो. असंच कापत १ नॅनोमीटरपर्यंत गेलात तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर भरेल. आंतरराष्ट्रीय मापाचं फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर असतं. साखरेच्या खड्याएवढ्या तुकड्यातून जवळपास फुटबॉलचं मैदान निघालं! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते. म्हणून बॅटरी, गॅस सेन्सर, उत्प्रेरक या सगळ्यांत नॅनोपदार्थ कामाला येतात.

दुसरं कारण, प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांचं वागणं. हुपरीची चांदी पांढरी चकचकीत दिसते. त्याच चांदीचे २० नॅनोमीटरच्या आसपासचे गोल कण पाण्यात असले तर ते पाणी पिवळं दिसतं. सोन्याचे असेच कण पाण्यात लाल दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा अभ्यास केला होता. काही अर्धवाहकांचे कण तर नुसता आकार बदलला की वेगळ्या रंगाचा प्रकाश देतात: मोठा कण लालसर, लहान कण निळसर. यांना क्वांटम डॉट म्हणतात. क्यूएलईडी नावाने विकल्या जाणाऱ्या टीव्हीत ते वापरतात आणि त्यांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं.

हा विषय आला कुठून?

थोडक्यात टप्पे असे:

- १९५९: अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एका भाषणात एकेक अणू हवा तिथे बसवण्याची कल्पना मांडली.
- १९७४: जपानचे नोरिओ तानिगुची यांनी "नॅनोटेक्नॉलॉजी" हा शब्द वापरला.
- १९८१: गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप तयार केला. त्यामुळे पृष्ठभागावरचे अणू एकेक करून "पाहता" येऊ लागले. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.
- २००७: भारत सरकारने पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचं नॅनो मिशन सुरू केलं.

नॅनो मिशनच्या काळात देशभरातल्या विद्यापीठांमध्ये या विषयाचे अभ्यासक्रम आणि प्रयोगशाळा वाढल्या. कोल्हापुरात मात्र या कामाची पायाभरणी त्याआधीच, भौतिकशास्त्र विभागातल्या पातळ थरांच्या संशोधनातून झाली होती.

कोल्हापूरने नॅनोचा कोणता रस्ता धरला?

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणजे साखर कारखाने, फौंड्री, यंत्रमाग यांचा पट्टा. चिप बनवणारा मोठा कारखाना इथे जवळपास कुठेच नाही.

नॅनो संशोधनाचे ढोबळ दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे मोठ्यातून लहान कोरत जाणं. चिप अशा बनतात. त्याला धूळविरहित क्लीन रूम लागते, कोट्यवधींची यंत्रं लागतात. गुजरातेत धोलेरा इथे टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा जो चिप कारखाना जाहीर झाला, त्याचा खर्च ९१,००० कोटी रुपये सांगितला गेला. कुठल्याही राज्य विद्यापीठाला हा रस्ता परवडणारा नाही.

दुसरा रस्ता उलट दिशेचा: अणू-आयनांपासून सुरुवात करून थर किंवा कण वाढवत न्यायचे. यासाठी काचेचं बीकर, हॉट प्लेट, रसायनं, थर्मामीटर आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. कोल्हापूरने हा रस्ता धरला. प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील आणि त्यांचे सहकारी यांनी शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कमी खर्चाच्या रासायनिक पद्धतींनी पातळ थर तयार करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. या पद्धतींवर इथून निघालेले आढावा लेख जगभर संदर्भ म्हणून वापरले जातात. प्रा. पाटील यांचा स्प्रे पायरोलिसिसवरचा लेख १९९९ चा आहे. एच. एम. पठाण आणि प्रा. लोखंडे यांचा सिलार पद्धतीवरचा लेख २००४ मध्ये "बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स" या भारतीय नियतकालिकात आला. तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो.

आता या पद्धती सोप्या भाषेत समजून घेऊ.

१. केमिकल बाथ डिपॉझिशन. गीझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा क्षार कसा बसतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तत्त्व काहीसं तसंच. बीकरमध्ये योग्य रसायनांचं द्रावण घ्यायचं, त्यात काचेची स्वच्छ पट्टी उभी करायची आणि तापमान सांभाळायचं. द्रावणातला पदार्थ हळूहळू पट्टीवर बसत जातो. क्रिया वेगात झाली तर सगळा साका तळाशी जातो आणि पट्टी कोरी राहते. म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवायचा, ही यातली मेख.

२. सिलार. ही पद्धत फ्रान्समधल्या वाय. एफ. निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली. यात चार भांडी असतात. पट्टी पहिल्या द्रावणात बुडवायची, की धन आयन पृष्ठभागाला चिकटतात. मग पाण्यात खळबळून जास्तीचे आयन काढायचे. मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, की ऋण आयन येऊन पहिल्यांशी संयोग पावतात. पुन्हा पाण्यात धुवायची. हे झालं एक आवर्तन. जितकी आवर्तनं तितका थर जाड. म्हणजे जाडी मोजून मापून, बुडवण्याची संख्या ठरवून मिळते.

३. स्प्रे पायरोलिसिस. तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. काच काहीशे अंश सेल्सिअसला असते. थेंब पोचताच पाणी उडून जातं, रसायनाचं विघटन होतं आणि ऑक्साइडचा थर मागे उरतो. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर मागे पांढरे डाग राहतात ना, तेच नियंत्रणात ठेवून केलं की झालं तंत्रज्ञान.

ही कामं दिसतात सोपी, पण द्रावणाचा सामू, तापमान, वेळ, ढवळण्याचा वेग यांपैकी एक जरी बदललं तरी थर बदलतो. स्वस्त पद्धतीत यंत्र जे सांभाळत नाही, ते माणसाला सांभाळावं लागतं.

या थरांचा उपयोग काय?

सुपरकपॅसिटर. फोनची लिथियम-आयन बॅटरी दर किलोला साधारण १५० ते २५० वॅट-तास ऊर्जा साठवते. बाजारातले नेहमीचे सुपरकपॅसिटर ५ ते १० वॅट-तासच साठवतात. मग त्यांचं कौतुक कशाला? कारण ते काही सेकंदांत ते मिनिटांत चार्ज होतात आणि लाखो वेळा चार्ज करता येतात. फोनची बॅटरी ५०० ते १,००० पूर्ण आवर्तनांनंतर थकायला लागते. मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचे सच्छिद्र नॅनो थर देऊन सुपरकपॅसिटरची साठवण वाढवायची, हा कोल्हापुरातल्या संशोधनाचा एक मोठा विषय आहे.

गॅस सेन्सर. झिंक ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइडच्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. एलपीजीसारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी क्रिया करतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थराचा विद्युत रोध बदलतो. हा बदल मोजला की गळती कळली. पृष्ठभाग जास्त तर बदल मोठा, म्हणून नॅनो. अडचण अशी की असे बरेच सेन्सर चालायला २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते खाली आणणं हे संशोधकांपुढचं काम आहे.

मेमरिस्टर. हा विषय स्मार्टफोनवाल्यांनी नीट वाचावा. नावातच अर्थ आहे: मेमरी असलेला रेझिस्टर. वीज बंद केली तरी आपला रोध शेवटी किती होता हे तो लक्षात ठेवतो. ही कल्पना लिऑन च्युआ यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडली आणि २००८ मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनो थरात ती दाखवली. आपल्या मेंदूतल्या चेतापेशींचे जोड वापरानुसार घट्ट किंवा सैल होतात. मेमरिस्टर काहीसा तसाच वागतो, म्हणून कमी विजेत चालणाऱ्या एआय चिपसाठी त्याच्याकडे पाहिलं जातं. शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागात डॉ. टी. डी. डोंगळे यांचा गट यावर काम करतो.

सांडपाणी. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्यातल्या रंगाचे रेणू तुटतात. इचलकरंजीच्या प्रोसेस उद्योगातलं रंगीत सांडपाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण हा इथला रोजचा विषय असल्याने हे संशोधन जवळचं वाटतं. पण लक्षात घ्या, प्रयोगशाळेत बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात एकच रंग मिसळून चाचणी घेतात. खऱ्या सांडपाण्यात अनेक रंग, मीठ, सोडा, स्टार्च सगळं एकत्र असतं. बीकरमध्ये ९० टक्के रंग गेला म्हणजे ओढ्यात जाईलच असं नाही.

नॅनो झालं, हे कळतं कसं?

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. इथे वेगळी उपकरणं लागतात:

- एक्स-रे डिफ्रॅक्शन: स्फटिकाची रचना आणि त्याचा आकार कळतो. नेहमी वापरतात त्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते.
- इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप: प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरून पृष्ठभाग किंवा आतली रचना दाखवतो.
- अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप: अतिशय टोकदार सुई पृष्ठभागावरून फिरवून चढउतार मोजतो.

बीकर स्वस्त असलं तरी ही उपकरणं महाग असतात. म्हणून ती एका विभागाने घेण्याऐवजी सामायिक केंद्रात ठेवतात. शिवाजी विद्यापीठात असं सैफ-सीएफसी केंद्र आहे. बाहेरच्या कॉलेजचे विद्यार्थी आणि उद्योगही शुल्क भरून नमुने तपासून घेऊ शकतात, ही अशा केंद्रांची कल्पना. कोर्स निवडताना "तुमच्याकडे कोणती मशीन आहेत?" एवढंच विचारू नका. "विद्यार्थ्याला त्या मशीनवर स्वतः बसायला मिळतं का?" हे विचारा.

शिक्षणाचे मार्ग कोणते?

मार्ग १: बारावीनंतर थेट. शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागात पाच वर्षांचा एकत्रित बी.एस्सी.–एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा पाया आणि त्यावर नॅनोपदार्थ तयार करणं, तपासणं, वापरणं असं या विषयाचं स्वरूप असतं. एक विषय आवडतो आणि दुसरा नको, अशांना तो जड जातो. प्रवेशाचे नियम दरवर्षी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच तपासा.

मार्ग २: साधी बी.एस्सी., मग स्पेशलायझेशन. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत पदवी घ्यायची आणि एम.एस्सी.ला मटेरियल सायन्स किंवा नॅनोकडे वळायचं. पुढे मन बदललं तर इतर वाटा मोकळ्या राहतात, हा याचा फायदा.

मार्ग ३: इंजिनिअरिंगमधून. इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल, मेकॅनिकल किंवा मेटलर्जीत बी.टेक. करून, गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला नॅनो किंवा मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स घेता येतं. वस्तू बनवण्यात आणि कारखान्यात रस असेल तर हा रस्ता बरा.

मार्ग ४: पीएच.डी. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाखेरीज डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रातही या विषयांवर काम चालतं. प्रा. लोखंडे नंतर तिथेच गेले. इथून पीएच.डी. केलेले बरेच संशोधक पुढच्या संशोधनासाठी दक्षिण कोरियाला गेले आहेत.

आणि क्लीन रूमचा अनुभव? त्यासाठी आयएनयूपी नावाची सरकारी योजना आहे. आयआयटी मुंबई, आयआयएससी बंगळूर अशा संस्थांच्या नॅनो फॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या कॉलेजमधल्या संशोधकांनाही वापरता याव्यात, प्रशिक्षण मिळावं यासाठी ती आहे. कोल्हापुरात बीकरचं काम शिकलेल्याने आयआयटीत जाऊन चिपचं काम पाहिलं, की दोन्ही रस्ते ओळखीचे होतात.

नोकरीचं खरं चित्र

इथे गोड बोलून उपयोग नाही. "नॅनो" या शब्दाच्या नावावर थेट जागा निघणाऱ्या कंपन्या आपल्या भागात कमी आहेत. भरतीच्या जाहिरातीत नॅनोसायंटिस्ट असं क्वचितच लिहिलेलं दिसेल. तिथे पदांची नावं वेगळी असतात: मटेरियल टेस्टिंग, कोटिंग, बॅटरी, सोलर, सेन्सर, पेंट, फार्मा फॉर्म्युलेशन, क्वालिटी कंट्रोल. म्हणजे तुम्हाला पदवीच्या नावापेक्षा हातातल्या कौशल्यावर नोकरी मिळते.

अडचण कुठे येते तेही समजून घ्या. प्रयोगशाळेत एक बाय एक सेंटिमीटरवर उत्तम चाललेला थर एक बाय एक मीटरवर सगळीकडे सारखा बसेलच असं नसतं. काचेवरून निघून येतो, पुढच्या खेपेला वेगळा होतो, सहा महिन्यांत खराब होतो. शोधनिबंधाला एक चांगला नमुना पुरतो, कारखान्याला रोज हजार सारखे नमुने लागतात. ही दरी भरून काढू शकणाऱ्या मुलांना मागणी आहे आणि तीच पुस्तकात कमी शिकवली जाते.

म्हणून अभ्यासक्रमासोबत या गोष्टी शिका:

- पायथन किंवा तत्सम भाषेत डेटा वाचणं आणि आलेख काढणं.
- किमान एका तपासणी उपकरणावर स्वतःच्या हाताने काम.
- एकच प्रयोग पाच वेळा करून पाचही निकाल नोंदवण्याची सवय. फक्त चांगला आलेला नको.
- सुरक्षितता. कॅडमियम, शिसं असलेली रसायनं विषारी असतात आणि कोरडी नॅनो पावडर श्वासातून फुप्फुसात जाऊ शकते. फ्यूम हूड, मास्क आणि रसायनांची योग्य विल्हेवाट यात तडजोड नको.
- सुट्टीत एखाद्या जवळच्या उद्योगात काम. कोल्हापूरची फौंड्री असो की इचलकरंजीचा प्रोसेस कारखाना, धातू, कोटिंग आणि रंग यांचे खरे प्रश्न तिथेच भेटतात.

"नॅनो" लेबल दिसलं की काय तपासायचं?

शिकायचं नसलं तरी ग्राहक म्हणून हे उपयोगी आहे. ऊसवाल्या घरांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया आणला. ५०० मिलिलीटरची बाटली युरियाच्या एका पोत्याचं काम करू शकते, असा प्रचार झाला. आता हिशेब करा. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २०.७ किलो. सुरुवातीच्या बाटलीत ४ टक्के नायट्रोजन, म्हणजे साधारण २० ग्रॅम. फरक हजार पटीचा. समर्थकांचं म्हणणं, पानावर फवारल्याने वाया कमी जातं. टीकाकारांचं म्हणणं, वाया जाणं शून्यावर आलं तरी २० ग्रॅमचे २० किलो होत नाहीत. २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या दाव्यांवर एका शोधपत्रिकेत आक्षेप घेतला. नंतर जास्त नायट्रोजनची आवृत्तीही बाजारात आली.

यातून शिकायचं ते असं, की नॅनो आकाराने पृष्ठभाग वाढतो, रंग बदलतो, क्रियेचा वेग बदलतो. पण वस्तुमान वाढत नाही. कोणी "नॅनो" म्हणून काही विकत असेल तर तीन प्रश्न विचारा: कणाचा आकार किती आणि तो कोणी मोजला? नॅनोमुळे नेमका कोणता गुणधर्म बदलला? स्वतंत्र चाचणी झाली आहे का? फोनच्या काचेवर लावायचं "नॅनो लिक्विड" असो की नॅनो पाण्याची बाटली, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नॅनोसायन्स आणि नॅनोटेक्नॉलॉजी यात फरक काय?
नॅनो आकारात पदार्थ असा का वागतो, हे शोधणं म्हणजे नॅनोसायन्स. ते वागणं वापरून वस्तू बनवणं म्हणजे नॅनोटेक्नॉलॉजी.

गणित कच्चं असेल तर चालेल का?
मूलभूत गणित लागतंच. पण हुशारीइतकंच महत्त्व हाताच्या शिस्तीला आहे.

मराठी माध्यमातून शिकलो, जमेल का?
तपासणी उपकरणांची आणि शोधनिबंधांची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे पहिलं वर्ष जड जाईल. संकल्पना आधी मराठीत पक्की करा, मग इंग्रजी शब्द त्यावर बसवा.

कोर्स संपल्यावर लगेच नोकरी हवी असेल तर?
मग इंजिनिअरिंगचा मार्ग किंवा बी.एस्सी.सोबत एखादं कौशल्य, हा पर्याय आधी तपासा. संशोधनात उत्पन्न उशिरा सुरू होतं. घरची परिस्थिती पाहून निर्णय घ्या.

घरबसल्या सुरुवात करता येईल का?
हो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची मटेरियल सायन्स आणि नॅनोवरची व्याख्यानं मोफत आहेत. दोन-तीन व्याख्यानं फोनवर पाहा. कंटाळा आला नाही आणि डोक्यात प्रश्न उभे राहिले, तर एकदा विद्यापीठात जाऊन विभाग आणि प्रयोगशाळा पाहून या. पाच वर्षं जिथे काढायची ती जागा प्रवेश अर्ज भरण्याआधी पाहिलेली बरी.